ओसरीवरची सही

हे लिहायला बसलो खरा, पण मला याचा हक्क आहे याची अजून खात्री वाटत नाही. आयुष्यभर मी लिहिलं ते दुसऱ्यांच्या वतीनं. "मी खाली सही करणार, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्याही दबावाखाली नसून..." अशा कागदांत माझं नाव आलंच तर अगदी शेवटी, 'लिहिणार' म्हणून, बारीक अक्षरात. स्वतःबद्दल दोन ओळी लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि कागदावर मराठी उतरवताना आजही वाटतं की पाठीमागे कुणी उभं आहे आणि ते आता चूक दाखवणार. वाचणाऱ्यानं तेवढं सांभाळून घ्यावं. एकच गोष्ट सांगायची आहे. तीत चूक माझी आहे, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

आमचं गाव राजूरपासून पायी तासाभरावर. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. वडिलांचं निम्मं आयुष्य गावकीच्या कामात गेलं. निरोप पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि कुणाच्याही घरी गेलं तरी अंगणात उभं राहायचं. मी तिसरीत असताना आम्ही बौद्ध झालो. त्या दिवसापासून वडिलांनी ती कामं सोडली आणि मजुरी धरली. मला त्यांनी वसतिगृहात घातलं, तिथून मी औरंगाबादला वकिलीपर्यंत पोचलो. सनद मिळाली तेव्हा गावात कुणी पेढा मागितला नाही, पण वडील आठवडाभर धुतलेला सदरा घालून फिरत होते.

जालन्याला मी एका वयस्कर वकिलांच्या हाताखाली बसू लागलो. त्यांचं काम वाटण्यांचं आणि मृत्युपत्रांचं. आमच्याकडे मृत्युपत्राला लोक 'मरणाचा कागद' म्हणत. तो केला की माणूस वर्षात जातो, अशी समजूत. त्यामुळे पक्षकार कधी सरळ येत नसे. आधी सातबारा, मग पाऊसपाणी, आणि उठता उठता दारात उभं राहून, "एक बारीक काम होतं साहेब." साहेब मला म्हणत, "त्या बारीक कामासाठीच आलेला असतो तो. दारातून परत बोलाव, आणि त्याच्याशेजारी बस. समोर बसू नकोस." मला ते काम आवडू लागलं होतं. फिर्यादीत माणूस दुसऱ्यावर चिडून बोलतो. मृत्युपत्र सांगताना हळू बोलतो.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. गावातून वडिलांकरवी निरोप आला. गावातल्या एका मोठ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना कागद करायचा होता, आणि तो माझ्याकडूनच करायचा होता. बाईंना मूलबाळ नव्हतं. नवऱ्यामागं त्याची आठ एकर जमीन आणि माळवदाचं घर त्यांच्या नावावर आलं होतं. सोबतीला त्यांची भाची, भावाची मुलगी. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं आत्याजवळ राहिलेली. शेतही तीच बघायची आणि अंथरुणाला खिळलेल्या आत्यालाही तीच उचलायची. कागद झाला नाही तर कायद्यानं सगळं बाईंच्या दिराच्या मुलांकडे जाणार होतं, आणि भाचीला त्या घरात चुलीजवळ बसायचाही हक्क उरणार नव्हता.

मी गेलो ती सकाळ उन्हाची होती. वडील अंगणापर्यंत आले आणि सवयीनं लिंबाखाली थांबले. भाचीनं ओसरीच्या अगदी कडेला सतरंजी टाकून ठेवली होती. माजघराचं दार उघडं होतं. आत अंधार होता. बाहेरून मला खाटेचं पायथ्याकडचं टोक आणि वाकळेचा एक कोपरा तेवढा दिसत होता. कागदाचा एक साक्षीदार मीच होणार होतो; शाळेतले गुरुजी, दुसरे साक्षीदार, आधीच आत खाटेजवळ बसलेले होते.

आतून बाईंचा आवाज आला, "आला का वकील? आत ये की रं. आता वकील झाला ना तू."

मी भाचीकडं पाहिलं. ती पदराच्या टोकानं उंबऱ्यावरची धूळ झटकू लागली. त्या झटकण्याचा अर्थ 'ये' होता की 'नको' होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, "बसतो इथंच, बाई. उजेड बरा हाय." आणि बसलो.

उजेडाचं कारण खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

बाई आतून सांगत गेल्या, मी बाहेर लिहीत गेलो. मधे त्या म्हणाल्या, "लांबड लावू नको. कागद संपायच्या आधी मीच संपायची." गुरुजी हसले. मी कागद मोठ्यानं वाचून दाखवला. भाचीनं तो आत नेला. गुरुजींनी शाईचं पॅड पुढं केलं असेल, बाईंनी अंगठा उठवला असेल. मी पाहिलं नाही. गुरुजींनी सही केली, आणि भाची कागद घेऊन बाहेर आली. अंगठ्याची शाई ओली होती. मी आत आवाज देऊन विचारलं, "बाई, अंगठा केला ना?"

"केला. माझाच हाय. कर तू सही."

मी पेनचं टोपण काढून मांडीवर ठेवलं. ते घरंगळलं आणि खाली पडलं. आतून बाई म्हणाल्या, "टोपण गेलं बघ तुझं. पायरीखाली गेलं." मी वाकून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि सही केली. बस्स, एवढंच घडलं. निघताना अंगणात वडिलांनी विचारलं, "झालं बराबर?" मी हो म्हणालो.

कॉलेजात मला हे शिकवलं होतं. साक्षीदारानं अंगठा उठवताना पाहिलं पाहिजे, किंवा अंगठा करणाऱ्यानं 'हा माझा' असं त्याला स्वतः सांगितलं पाहिजे. आणि साक्षीदाराची सही अंगठा करणाऱ्याच्या नजरेसमोर झाली पाहिजे. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते. ओसरीवर बसलो तेव्हा ते सगळं माझ्या डोक्यात होतं. पाय मात्र उठले नाहीत.

बाई त्याच हिवाळ्यात गेल्या, आणि दोन महिन्यांनी गुरुजीही गेले. नोंदणी राहूनच गेली होती, बाईंना जालन्याला हलवणं शक्य नव्हतं, आणि रजिस्ट्रारला घरी बोलावू म्हटलं तर त्या म्हणाल्या होत्या, "घाई काय हाय?" पुतण्यांनी फेरफार आपल्या नावावर करून घेतला आणि एका सकाळी शेतात औत घातलं. भाचीनं दावा लावला. माझ्या साहेबांनी तिचं वकीलपत्र घेतलं. मी साक्षीदार, म्हणून मला ते घेता येत नव्हतं. आता त्या कागदाची साक्ष देणारा जगात एकटा मी उरलो होतो.

साहेबांनी मला ऑफिसात बसवून कागद पुढं ठेवला. "खाटेच्या कुठल्या बाजूला बसला होतास?"

मी सांगितलं, बाहेर.

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मी हे ऐकलेलं नाही. तू आत होतास असं मी धरून चाललोय. दोन साक्षीदार, एक खाट, एक खोली. असंच असतं." नंतर उठून खिडकी लावायला गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "इतकं शिकवूनही ओसरीवर बसलास?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

साक्षीच्या आठवडाभर आधी भाची जालन्याला आमच्या खोलीवर आली. माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायको भोकरदनला शिक्षिका होती, रविवारची आली होती. तिनं भाचीला पाटावर बसवून चहा दिला. भाचीनं कप हातात घेतला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. मग प्यायली. कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच आमच्यातल्या कुणाच्या घरचा चहा. मी दुसरीकडं पाहिलं.

ती फार बोलली नाही. पुतणे रोज दारावरून जातात आणि विचारतात की घर कधी खाली करून राह्यली, एवढं सांगितलं. मग खाली पाहत म्हणाली, "तुम्ही आत बसल्ते म्हना. एवढंच एक वाक्य हाय."

मी तिचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"सतरंजी म्याच बाहेर टाकली," ती म्हणाली. "आत्यानं सांगितलं न्हाई. कुनीच सांगितलं न्हाई. हातानं टाकली. आता ह्या हाताला काय करू, सांगा."

तोवर ती मला कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती. गावात आम्हाला कुणी म्हणत नसे. ती गेल्यावर बायको कप विसळत म्हणाली, "आत होतात म्हटलंत तर ते सोडून देतील. बाहेर होतो म्हटलंत तर विचारतील, आत का नाही गेलात. त्याचं काय सांगणार आहात?"

त्या आठवड्यात मी दोन्ही वाक्यं पाठ केली. चालताना एक, जेवताना दुसरं. 'मी खाटेजवळ होतो.' 'मी ओसरीवर होतो.' एका क्षणी मला खरोखर आठवू लागलं की मी आत गेलो होतो. वाकळेचा रंग, खाटेखालचा तांब्या, सगळं दिसायला लागलं. तेव्हा मला भीती वाटली. अंधारात न पाहिलेल्या गोष्टी मी इतक्या स्वच्छ पाहत होतो.

शनिवारी गावी गेलो. वडिलांना म्हटलं, तुम्ही लिंबाखाली होतात, तुम्ही पाहिलंय मी कुठं बसलो ते. काय बोलू?

वडील बिडी न पेटवता हातात फिरवत राहिले. "त्या बाईचं शेत राहावं असं मलाबी वाटतं," ते म्हणाले. "म्हातारीनं बोलावल्तं तुला. म्या ऐकलं. पन मी असतो तर मीबी गेलो नस्तो." एवढं बोलून त्यांनी बिडी पेटवली. ती माझी बाजू होती की माझ्यावरचा ठपका, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. दोन्ही पुतणे पहिल्या बाकावर बसले होते. भाची मागे भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी मला पिंजऱ्यात बोलावलं, शपथ झाली, आणि नाव, वय, धंदा विचारून ते सरळ त्यावर आले. "कागदावर सह्या झाल्या तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

मला आठवतं, मी भाचीकडं पाहिलं नाही. न्यायाधीशांच्या मागच्या घड्याळाकडं पाहिलं. म्हणालो, "ओसरीवर."

साहेबांच्या हातातला कागद तसाच राहिला. त्यांनी मग जे विचारता येईल ते विचारलं. दार उघडं होतं का? होतं. बाई काही बोलल्या का? मी बाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, "केला. माझाच हाय. कर तू सही." साहेब खाली बसले.

समोरचे वकील उठले. त्यांना आज सोपं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. "तुम्ही स्वतः वकील. साक्षीदारानं अंगठा पाहिला पाहिजे, हे माहीत होतं?"

"होतं."

"तुम्हाला आत जायला कुणी अडवलं?"

"नाही. बाईंनी आत बोलावलं होतं."

"मग गेला का नाहीत?"

मी पुन्हा घड्याळाकडं पाहिलं. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी पुतण्यांकडं एकदा पाहून. मी म्हणालो, "त्या घरात आत जायची सवय नव्हती."

लिहून घेणाऱ्या न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग ते वाक्य लिहिलं.

समोरच्या वकिलांना मी बाहेर होतो हे आणखी पक्कं करायचं होतं. म्हणाले, ओसरीवर म्हणजे नेमकं कुठं? मी म्हणालो, अगदी कडेला, पायरीला लागून. कशावरून? मी म्हणालो, सही करताना माझ्या पेनचं टोपण पडलं आणि ते पायरीखाली गेलं, म्हणून लक्षात आहे. तुम्ही पाहिलंत ते पायरीखाली गेलेलं? मी म्हणालो, नाही, बाईंनी आतून सांगितलं की पायरीखाली गेलं, मग मी वाकून काढलं आणि सही केली. "म्हणजे पायरीजवळ," ते खूश होऊन म्हणाले, "माजघरात नाही." मी म्हणालो, माजघरात नाही. तेही लिहिलं गेलं. मला उतरायला सांगितलं.

भाची बाहेर व्हरांड्यात होती. मी जवळ गेलो तशी ती बाजूला सरकली. वाट द्यावी तशी.

निकाल तिच्याविरुद्ध गेला. साक्षीदारानं अंगठा पाहिला नाही. न दिसणाऱ्या माणसाचा नुसता आवाज म्हणजे कबुली नव्हे. मृत्युपत्र शाबीत होत नाही. साहेबांनी औरंगाबादला अपील केलं, पण मला त्यातलं काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मृत्युपत्राचं कामही त्यांनी माझ्याकडं पाठवणं बंद केलं. बाररूममध्ये कुणी पक्षकार मृत्युपत्राचं विचारू लागला की एकजण मोठ्यानं म्हणे, "ह्याच्याकडं जा. ओसरीवर बसून लिहून देतो." हसणारे हसत. मीही एकदा हसलो होतो, याची मला अजून लाज वाटते.

अपील चालू असताना शेत पुतण्यांच्याच ताब्यात होतं. घराला कुलूप लागलं. भाची राजूरला आली आणि गणपतीच्या देवळापुढं पोत्यावर नारळ, दुर्वा, हळदकुंकू घेऊन बसू लागली. मला हे कळलं बसमधून. बायको भोकरदनला, मी जालन्याला. दर शनिवारी माझी बस राजूरला थांबायची. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा तिनं मला पाहिलं, आणि मान वळवून एका बाईला नारळ हलवून दाखवू लागली. त्यानंतर मी बसच्या पलीकडच्या बाजूला बसू लागलो. तीन वर्षं मी राजूरला उजव्या खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

त्या तीन वर्षांत मी हळूहळू पुन्हा मृत्युपत्रं लिहायला लागलो. आमच्या वस्तीतली, आष्टीकडच्या एका शिक्षकाचं, भोकरदनच्या एका शिंप्याचं. कुठंही गेलो तरी आधी विचारायचो, आजारी माणूस कुठं झोपलाय? आणि घरच्यांनी दाखवलेली जागा सोडून सरळ त्याच्या खाटेशी जाऊन बसायचो. एका घरी म्हाताऱ्याची सून कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. मी उठलो नाही. छाती इतकी धडधडत होती की लिहिताना अक्षर हललं. तो कागद मी घरी येऊन पुन्हा पुन्हा पाहिला. भीतीनं हललेलं अक्षर होतं, पण ते खाटेजवळ बसून लिहिलेलं होतं.

मग एका शनिवारी, चतुर्थी होती म्हणून बस राजूरला नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. आत माणसं चेंगरून उभी होती. मी नेहमीसारखा पलीकडच्या बाजूला. कुणीतरी माझ्या खिडकीची जाळी वाजवली. भाची होती. बसला वळसा घालून या बाजूला आली होती. हातात दुर्वांची जुडी, कपाळाला घाम. मला वाटलं आता ती सगळ्यांसमोर बोलणार, आणि मी तेही ऐकून घ्यायचं ठरवलं.

ती म्हणाली, "काल तुमचे साहेब आल्ते. अपिलाचा निकाल लागला. शेत आपलं राह्यलं."

मी विचारलं, "कशावरून दिलं?" वकिलानं विचारावं तसं.

"तुमचं टोपण पडलं न्हाई का," ती म्हणाली. "आत्यानं सांगितलं ना, पायरीखाली गेलं म्हनून. साहेबानं ते वाचून दाखवलं म्हनं औरंगाबादला. मंग जज म्हनले, टोपण दिसलं तर सही करनारा बी दिसला, आन जिला दिसलं तीच बोलली की अंगठा माझा हाय. आत अंधार, बाहेर उजेड. अंधारातल्याला उजेडातलं दिसतं."

कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली. ती दोन पावलं बससोबत चालली, जाळीला हात लावून.

"तुम्हाला आत्या दिसत नव्हती," ती म्हणाली. "पन आत्याला तुम्ही दिसत होते. तसं लिव्हलंय निकालात."